डंखाचं पान

सुमेधाबाईंना खोटं एक वेळ चाललं असतं, पण अर्धवट अजिबात नाही. कोपरीच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्या बत्तीस वर्षांत पोरांना एकच गोष्ट हजारदा सांगितली असेल: माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा, ठोकून द्यायचं नाही. उत्तरपत्रिकेत कुणी पानभर पाल्हाळ लावलं की त्या शेजारी लाल शाईनं लिहायच्या, 'कशावरून?' पोरं पाठीमागे त्यांना कशावरूनबाईच म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

अशी ही बाई निवृत्त झाल्यावर मधमाश्यांच्या नादी लागली. नवरा जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा सौमित्र कंपनीचं काम घरूनच करणारा, दिवसभर कानाला यंत्र लावून कुणाशी तरी इंग्रजीत बोलत बसलेला. घरात माणूस असून बोलायला माणूस नाही. सोसायटीच्या लोकांची मिनतवारी करून बाईंनी गच्चीवर एक पेटी ठेवली आणि आता हे शिकायचं कुठून, म्हणून शोध सुरू केला. तिथेच पहिली ठेच लागली.

अहो, शिकणार कुठून? हिंदी व्हिडिओ ढिगानं, पण ते सगळे पंजाब-हरियाणातले. तिकडच्या पेट्यांतली माशी मोठी, परदेशातून आणलेली, गरीब स्वभावाची. आपली सातेरी माशी लहान, बुजरी. जरा मनाविरुद्ध झालं की पेटी सोडून चालती होणारी. एका मिशाळ गृहस्थानं सांगितलं, दर तिसऱ्या दिवशी पेटी उघडून बघा. बाईंनी इमानेइतबारे उघडली. अकराव्या दिवशी पेटीत चार मेलेल्या माश्या आणि हजार मुंग्या. सरकारी पत्रक मिळालं ते झेरॉक्सची झेरॉक्स. आकृतीतली राणीमाशी म्हणजे नुसता काळा डाग. इंग्रजी पुस्तकं थंड देशांतली, त्यात माश्या बर्फात कशा जगवाव्यात यावर पाच प्रकरणं. ठाण्यात बर्फ! आणि मराठीत जे काही होतं, ते एकानं दुसऱ्याचं उचललेलं, चुकांसकट.

"नवशिक्यानं करायचं काय मग, डोंबल?" असं त्या भर जेवणात सौमित्रला म्हणाल्या. त्यानं कानातलं यंत्र काढून "हं?" केलं. बाईंनी ताटावरून उठून वही काढली.

दोन वर्षं घातली त्यांनी. घाटावरच्या एका जुन्या प्रशिक्षकांकडे आठ दिवस जाऊन राहिल्या, त्यांच्या हाताखाली पेट्या उघडल्या, पोळ्यांच्या चौकटी झटकल्या, पोळं पोखरणारा मेणकिडा ओळखायला शिकल्या. परत आल्यावर रोज त्यांना फोन. प्रत्येक वाक्याच्या मागे वहीत नोंद: कुणाला विचारलं, केव्हा विचारलं. त्यातून अठ्ठेचाळीस पानांची टिपणं तयार झाली. नाव दिलं 'पहिली पेटी'. आणि शाळेतल्या सवयीप्रमाणे प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट, चौकटीत एकच वाक्य. पोरं धडा विसरतात, चौकट विसरत नाहीत, हा त्यांचा अनुभव. 'मुंगीला पाणी आडवं येतं, पेटीच्या पायाखाली वाटी ठेवा.' 'सातेरीला पाहुणे आवडत नाहीत, उगाच झाकण उघडू नका.' अशी.

टिपणं मोबाइलवरून फिरली आणि बघता बघता पसरली. दिव्यापासून कसाऱ्यापर्यंतचे नवशिके जमले, त्यांचा ग्रुप झाला, साडेतीनशे माणसं. कुणी रिक्षावाला, कुणी कंपनीतला, कुणी शेतघर घेतलेला डॉक्टर. सगळे त्यांना 'बाई' म्हणत. शंका आली की कुणीतरी पान नंबर टाकायचा आणि वाद मिटायचा. बाईंचं पान म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता एकतिसाव्या पानाचं सांगायला हवं.

ते डंखाचं पान. त्या पानापाशी आल्यावर प्रशिक्षक फोनवर म्हणाले होते, "बाई, यातलं मला कळत नाही. मला पन्नास वर्षं चावतायत, काही होत नाही. तुम्ही डॉक्टरला विचारा." बरोबरच बोलले. बाई खालच्या दवाखान्यात दोनदा गेल्या. एकदा रांग होती, एकदा डॉक्टर गावाला. आणि टिपणं जागतिक मधमाशी दिनाला, वीस मेला देणार, असं त्यांनी सगळीकडे सांगून ठेवलेलं. अठरा तारखेला अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस पानं तयार होती. त्यांना स्वतःला वीसएक डंख झाले होते. सूज यायची, उतरायची. आईनं लहानपणी गावाला लावलेलं लोखंड आणि हळद आठवली. बसल्या आणि लिहून टाकलं: पहिल्या काही डंखांना हात सुजतो, कुणाला अंगावर गांधी उठतात, जीव घाबरा होतो, लगेच दवाखान्याकडे धावायचं कारण नाही, काटा काढावा, लोखंड घासावं, हळद लावावी, पडून राहावं, पुढेपुढे अंग सरावतं. आणि खाली चौकट: 'सूज म्हणजे अंग शिकतंय.'

वहीत त्या पानासमोर नोंद नव्हती. कशावरून, हा प्रश्न जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारला नाही. आणि गंमत बघा, सगळ्या टिपणांत लोकांना आवडलं ते तेच वाक्य. कुणी चावल्याचा फोटो टाकला की खाली दहा जण लिहायचे, 'अंग शिकतंय!' बाईंनाही मौज वाटायची.

आंबिवलीचे देवराम डुंबरे गेल्याची बातमी ग्रुपवर आली तेव्हा कुणीतरी 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' असं लिहिलं होतं. जुन्नरकडचा माणूस, कंपनीत मशीनवर, वय पन्नास, आणि शंका विचारण्यात पहिला नंबर. बाईंना चुटपुट लागली. त्यांनी श्रद्धांजलीचे चार शब्द लिहिले आणि दुपारी पडल्या.

चाळीसेक दिवस झाले असतील. एका सकाळी अकराच्या सुमारास दाराची बेल वाजली. दारात विशीतली एक मुलगी उभी, खांद्याला कापडी पिशवी, चेहरा घामानं थबथबलेला.

"बाई ना? मी मेघना. आंबिवलीच्या देवराम डुंबऱ्यांची मुलगी."

बाईंनी तिला आत घेतलं, पंखा मोठा केला, पाणी दिलं. आतल्या खोलीत सौमित्रचं बोलणं चाललेलं. मुलीनं पिशवीतून टिपणांची छापील प्रत काढली. कोपरे दुमडलेले, जागोजागी पेनानं खुणा, समासात देवरामांचं बारीक अक्षर. बाईंना भरून आलं. एवढ्या प्रेमानं कुणी आपलं वाचलंय, हे बघायला माणूस आता नाही.

"पप्पांच्या दोन पेट्या आहेत ना बाई, घराच्या मागं," मेघना म्हणाली. "आजूबाजूचे लोक म्हणतात जाळून टाका. मी देणार नाय. पप्पांचा जीव होता त्यात. मला शिकवा तुम्ही. बाकी कुठलं काय बघायचं नाय मला, पप्पा म्हणायचे यूट्यूबवर सगळे फेकतात, खात्रीचं काय असेल तर बाईंचंच."

"शिकवते की," बाई म्हणाल्या. "पण वडिलांचं असं अचानक कसं गं? आधी काही त्रास होता का छातीचा?"

"नाय ना. काहीच नाय." मुलीनं ओढणीनं तोंड पुसलं. "रविवार होता. पप्पा पेटी बघायला मागं गेलेले. आले तेव्हा मानेवर दोन चावलेल्या. हसत होते. त्याच्या आधी पण एकदा चावलेली, तेव्हा अंगभर गांधी उठलेल्या, उलटी पण झालेली, पण तासाभरात बरे झाले. तेव्हा पण आम्ही पान बघूनच केलेलं सगळं. ह्या वेळी गांधी उठल्या, मग ओठ सुजले. आई म्हणाली, मी रिक्षा आणते. चप्पल घातलेली तिनं. मीच अडवली."

"तू?"

"हो ना. म्हटलं थांब, पॅनिक नको होऊ. हे पान काढलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं." तिनं प्रत उघडून समोर धरली. पान एकतीस. मधोमध हळदीची चार बोटं उमटलेली होती. "कुलूप आणलं लोखंडाचं, घासलं, हळद लावली. पप्पा पण म्हणाले, बघ, बाईंनी लिहिलंय. मग त्यांचा आवाजच बसला. श्वास घेताना शिट्टीसारखं वाजायला लागलं. तेव्हा मी पळत जाऊन रिक्षा आणली, पण हॉस्पिटलला पोचेपर्यंत अटॅक आला. हार्टचा. आईला डॉक्टरनं तसंच सांगितलं. तुमच्या पुस्तकाचा काही दोष नाय हां बाई. आमच्या नशिबातच नव्हतं."

 बाई विज्ञानाच्या शिक्षिका होत्या हो. ओठ सुजले, आवाज बसला, श्वास वाजायला लागला, हा हृदयविकार नव्हे, एवढं कळायला त्यांना डॉक्टर नको होता. चाळीस दिवसांपूर्वी आंबिवलीच्या एका घरात एक बाई पायात चप्पल घालून रिक्षा आणायला निघाली होती, आणि तिला कोपरीतून, न बघता, आपण उंबऱ्यात अडवलं. 

"मला पण चावली, मागच्या मंगळवारी," मेघना सांगत होती. तिचं बाईंच्या चेहऱ्याकडे लक्ष नव्हतं, ती स्वतःचं मनगट दाखवत होती. "एकच. पण कोपरापर्यंत सुजला हात, अंगभर गांधी, धाप पण लागली जरा. आईला नाय सांगितलं, ती पेट्याच जाळून टाकेल. लोखंड घासलं आणि पडून राहिले." आणि ती चक्क हसली. "शिकतंय अंग."

बाई उठल्या. "चहा टाकते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. चहा टाकला नाही. मोबाइल काढला.  डॉक्टर क्षिप्रा, त्यांची जुनी विद्यार्थिनी, ठाण्यातच दवाखाना, ॲलर्जीचीच डॉक्टर. दर शिक्षकदिनाला न चुकता फोन करणारी मुलगी.

क्षिप्रानं सगळं सांगितलं. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, उलटी किंवा चक्कर आली, तर एक मिनिट घालवायचं नाही. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, ते हॉस्पिटलातच. एकदा असं झालं असेल तर पुढचा डंख जीव घेऊ शकतो. अशा माणसानं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पेटीच्या आसपासही फिरकू नये. अंग शिकत वगैरे काही नाही बाई, उलट होतं. आणि वेळेत इंजेक्शन मिळालं तर बहुतेक जण वाचतात.

चार मिनिटं लागली. मोबाइलवर आकडा दिसत होता. ते पान लिहिताना हीच चार मिनिटं खर्च केली असती तर! मधमाश्यांसाठी घाट चढून गेल्या, आणि माणसासाठी बसल्या जागेवरून एक फोन झाला नाही. खात्रीचं सांगणारी पोर त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यांच्याच फोनमध्ये होती. त्यांनी ओट्याला डोकं टेकलं आणि स्वतःला एक सणसणीत शिवी दिली, जी शाळेत कुणी दिली असती तर त्यांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

पण बाहेर मुलगी बसली होती. आणि तिला काय सांगायचं?

खरं सांगावं तर त्याचा अर्थ असा की हिनं आईला अडवलं नसतं तर बाप वाचला असता. आता तिच्याकडे निदान नशीब आहे, अटॅक आहे, त्यावर ती जगतेय. ते काढून घ्यायचं. न सांगावं तर ही उद्या पेटीपाशी जाणार, हसत हसत. बाईंनी मधला मार्ग काढायचा ठरवला. मधला मार्ग म्हणजे पळवाटच, पण माणूस आधी तिकडेच धावतो.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "हे बघ मेघना, पेट्या मी घेऊन जाते. माझ्या गच्चीवर ठेवते. तू येत जा इथं बघायला."

"नाय बाई. पप्पांनी लावल्यात त्या तिथं."

"मग निदान या डॉक्टरांना दाखवून ये आधी. ही चिठ्ठी घे, पत्ता लिहिलाय. सगळ्यांना नाही सोसत गं हे. तुझा हात कोपरापर्यंत सुजला, धाप लागली..."

"पण तुम्हीच लिहिलंय ना बाई?" मुलीनं पान पुढे केलं. "जीव घाबरा होतो, धावायचं कारण नाय. हे बघा. पुढंपुढं अंग सरावतं."

ती वाद घालत नव्हती. पुस्तकात आहे ते दाखवत होती. बत्तीस वर्षं पोरांनी हेच करावं म्हणून बाईंनी जिवाचं रान केलं होतं.

"ते चुकीचं आहे," बाई म्हणाल्या.

"काय?"

"ते पान चुकीचं आहे. मी कुणाला विचारलं नाही. मला वाटलं ते लिहिलं. बाकीच्या सत्तेचाळीस पानांची मी खात्री केली, याची केली नाही. तुला झालंय ती ॲलर्जी आहे, मेघना. पुढच्या वेळी तू मरशील. मी आत्ता डॉक्टरांना विचारून आले, तुझ्यासमोर उठून गेले ना, ते चहा करायला नव्हते गेले."

 पंख्यानं पानं फडफडत होती, मुलीनं त्यावर तळहात ठेवला. मग तिला हळूहळू उमगत गेलं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत गेलं. बाईंनी नजर वळवली नाही. तेवढं तरी करायलाच हवं होतं.

"मग पप्पांना अटॅक नव्हता?"

"मला नाही वाटत."

"रिक्षा लगेच आणली असती तर?"

'सांगता येत नाही गं' हे बाईंच्या जिभेवर आलं होतं. सभ्य उत्तर. कुणीही दिलं असतं.

"बहुतेक वाचले असते," त्या म्हणाल्या.

मेघनानं तोंडावर ओढणी दाबली, पण रडली नाही. मग म्हणाली, "आईनं चप्पल घातलेली."

"चूक माझी आहे. तू माझं लिहिलेलं वाचलंस."

"वाचलं मी." ती उठली. प्रत पिशवीत भरायला लागली, मग परत काढून टेबलावर ठेवली. "आईला सांगू नका, बाई. तिला कळलं ना, तर ती माझ्याकडे कशी बघेल काय माहिती."

"नाही सांगणार."

"शप्पथ?"

"शप्पथ."

चिठ्ठी तशीच टेबलावर राहिली. बाई जिन्यापर्यंत मागे गेल्या, डॉक्टरकडे जा गं, मी येते बरोबर, आत्ता जाऊ, म्हणत राहिल्या. मुलगी उतरून गेली. तिनं मागे वळून बघितलं नाही.

दुपारी त्यांनी सौमित्रला सगळं सांगितलं. त्यानं कानातलं यंत्र पहिल्यांदाच आपणहून काढलं. तो वाईट मुलगा नव्हता, घाबरला होता. "आई, तू पान बदल आणि सुधारित आवृत्ती म्हणून टाक ग्रुपवर. मेला-बिला काही लिहू नकोस. उद्या कुणी पोलिसात गेलं म्हणजे? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

बाईंनी तसं केलं. क्षिप्राला परत फोन करून शब्द अन् शब्द तपासून घेतला, नवीन पान केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकलं: 'पान ३१, सुधारित. जुनं पान कृपया वापरू नये.' खाली लोकांनी नमस्काराचे हात टाकले, फुलं टाकली. दिव्याच्या एकानं लिहिलं, 'छान माहिती बाई.' दुपारपर्यंत कुणीतरी सुजलेल्या गालाचा फोटो टाकला, डोळा पार बंद झालेला, आणि खाली ओळीनं सात जणांनी लिहिलं, 'अंग शिकतंय!' सोबत हसरे चेहरे. नवीन पान वर कुठल्या कुठे निघून गेलं होतं.

बाई त्या सात ओळींकडे बघत बसल्या. वाक्य त्यांनीच असं घडवलं होतं, कुणाच्या बापालाही विसरता येऊ नये असं. आता ते विसरा म्हटल्यानं कोण विसरणार होतं? मग त्यांनी सौमित्रला न विचारता लिहायला घेतलं. 'डंखाचं जुनं पान मी कुणालाही न विचारता लिहिलं होतं. ते खोटं आहे. त्या पानावर विश्वास ठेवल्यामुळे आपल्यातला एक माणूस दवाखान्यात उशिरा पोचला आणि गेला. तो हृदयविकार नव्हता. गांधी, ओठांना सूज, धाप, यातलं काहीही झालं तर तसेच हॉस्पिटलात जा. अंग शिकत नाही. चूक संपूर्ण माझी आहे. सुमेधा.' नाव त्यांनी कुणाचं लिहिलं नाही. मुलीचा तर उल्लेखही नाही. आपण शपथ मोडली नाही, असं त्यांना वाटलं.

या वेळी कुणी फुलं टाकली नाहीत. तासभर तर कुणी काहीच टाकलं नाही. मग एकेक जण ग्रुप सोडून जायला लागला.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी, साडेतीनच्या सुमारास. पडद्यावर नाव आलं 'देवराम डुंबरे, आंबिवली'. गेलेल्या माणसाचा नंबर ग्रुपमध्ये तसाच आहे, तो फोन कुणाच्या तरी हातात असेल, हे बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मी विमल बोलते," पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. "मेघनाची आई. यांचा फोन आता माझ्याकडं असतो. मला लिहिता-वाचता येतं, बाई."

"विमलताई, मी..."

"थांबा जरा. मी बोलते. पोरगी परवा तुमच्याकडं आलेली ना? मला मैत्रिणीकडं जाते म्हणाली. परवापासनं तिच्या पोटात अन्न नाय. भिंतीकडं तोंड करून पडलीय. मला कळंना काय झालं. काल तुमचं ते वाचलं आणि कळालं." ती दम घ्यायला थांबली. "तुम्हाला काय वाटलं, मला म्हाईत नव्हतं? त्याच दिवशी हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, अर्धा तास आधी आणायला पायजे होतं, एका इंजेक्शनचं काम होतं. पोरगी बाहेर बाकड्यावर बसलेली, हाताला हळद. मी बाहेर आले आणि सांगितलं, अटॅक आला. गावाला तेच सांगितलं, सासूला तेच सांगितलं, दिरांना तेच. चाळीस दिवस तोंड शिवून बसले मी. का? तर पोरीला जन्मभर वाटू नये की मी बापाला मारलं. आणि तुम्ही एका सकाळी सगळं उसवून ठेवलंत. तुमची चूक होती ना? मग तुमच्यापाशी ठेवायची. तिच्या पदरात कशाला टाकलीत?"

 ही बाई, उंबऱ्यात चप्पल घालून अडवली गेलेली, तिचं बरोबर होतं हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, आणि तिनं ते कुणालाही कळू दिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "तिला माशी चावली होती, विमलताई. मागच्या मंगळवारी."

"कुणाला?"

"मेघनाला. अंगभर गांधी उठल्या होत्या, धाप लागली होती. देवरामांना आदल्या वेळी झालं होतं ना, अगदी तसंच. तुम्हाला सांगितलं नाही तिनं. तुम्ही पेट्या जाळाल म्हणून. ती परत जाणार होती पेटीपाशी. मी नुसतं नको म्हटलं, डॉक्टरकडे जा म्हटलं, तर ती मला माझंच पान दाखवत होती. दुसरं काही सुचलं नाही मला."

 पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग विमल कुणाला तरी म्हणाली, "ऊठ गं, इकडं बघ माझ्याकडं, हात दाखव," आणि फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. बाई कानाला फोन लावून तशाच उभ्या राहिल्या. पलीकडे आईचा आवाज चढला, मग उतरला. एक मुलगी रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरासारखी, आणि दुसरं कुणीतरी तिच्याहून मोठ्यानं. ते किती वेळ चाललं कोण जाणे. बाईंनी फोन ठेवला नाही, आणि आपलं रडू त्या फोनमध्ये जाऊ दिलं नाही.

"बाई, आहात का?" विमलचा आवाज परत आला. घोगरा झालेला.

"आहे."

"त्या डॉक्टरचा पत्ता सांगा."

बाईंनी सांगितला. क्षिप्राचं नाव, दवाखान्याची वेळ, स्टेशनवरून कसं यायचं. विमलनं पुन्हा एकदा हळू सांगायला लावलं, ती कागदावर लिहून घेत होती. "उद्या नेते तिला. पेट्या आज संध्याकाळी जातील, शेजारच्यांना सांगते."

"मी माणूस पाठवते न्यायला, जाळू नका..."

"नको. तुमच्याकडचं आता काय नको आमच्या दारात."

बाईंनी 'बरं' म्हटलं.

"पोरीला सांगितलंत ते बरं केलंत," विमल म्हणाली. "नसतं सांगितलंत तर तीपण गेली असती. ते कळतंय मला." मग अगदी शांतपणे, बाजारात भाव सांगावा तशी म्हणाली, "पण मी तुम्हाला माफ नाय करणार हां, बाई. मरेपर्यंत नाय."

"नका करू," सुमेधाबाई म्हणाल्या.